मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला जाताना: इंग्रजी पुस्तक वाचायचं कसं आणि शब्द जमवायचे कसे

दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेल्या आणि आता इंग्रजी पुस्तकांसमोर बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः याच वाटेनं गेले आहे, आणि आता दरवर्षी कॉलेज सुरू झालं की ओळखीतली, नात्यातली मुलं हाच प्रश्न घेऊन येतात: "फिजिक्सचं पान दोनदा वाचलं तरी डोक्यावरून जातं, काय करू?" सेमी इंग्रजीतून आलेल्यांना पहिली पायरी कदाचित लागणार नाही, पण तिसरी आणि चौथी नक्की लागेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला विज्ञान येतं. गुरुत्वाकर्षण, संयुजा, अपवर्तन, समसूत्री विभाजन हे सगळं तुम्ही समजून शिकला आहात. बदलली आहे ती भाषा, आणि त्या भाषेतही मुलं ज्या शब्दांना घाबरतात ते शब्द खरे अडवणारे नसतात. 'इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी' कितीही भीतीदायक दिसला तरी पुस्तक तिथेच त्याची व्याख्या देतं, शिक्षक फळ्यावर लिहितात, गाईडमध्ये चौकट असते. 'अनलेस', 'हेन्स', 'रिस्पेक्टिव्हली', 'निग्लिजिबल' या शब्दांची व्याख्या मात्र कुणीच देत नाही. ते तुम्हाला येतात असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. अख्खं वाक्य अडतं ते याच शब्दांवर, आणि म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावर घालवणार आहे.

जवळ काय असावं

- दहावीची विज्ञान आणि तंत्रज्ञानाची मराठी माध्यमाची दोन्ही पुस्तकं (भाग १ आणि २). रद्दीत दिली असतील तर काळजी नको, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात.
- तीच दोन पुस्तकं इंग्रजी माध्यमाची. तीही तिथेच मोफत आहेत.
- अकरावीची पाठ्यपुस्तकं. गाईड नंतर.
- एक दोनशेपानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि जाड कागदाची पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कापलेली कार्डं.
- विद्यार्थ्यांसाठी बनवलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचे असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात आणि त्यांत उच्चार ऐकायची सोयही आहे. या कोशांची खुबी अशी की ते अर्थ सांगताना साधारण दोन-तीन हजार सोपे शब्दच वापरतात, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघायला गेलं आणि आणखी चार नवे शब्द गळ्यात पडले असं सहसा होत नाही.
- महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे पारिभाषिक शब्दकोश. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र अशा विषयवार कोशांत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा दिलेली असते. हेही ऑनलाइन आहेत.

मोबाइल हवाच असं नाही. घरी एकच फोन असेल तर आठवड्यातून एकदा सगळे अडलेले शब्द एकत्र पाहा, चालतं.

## १. दहावीची दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचा

हे काम अकरावी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत करावं. सुट्टी संपली असेल तर पहिल्या महिन्यात करा, पण टाळू नका.

बालभारतीच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच असतात. म्हणजे तुम्हाला पूर्ण समजलेल्या मजकुराचं इंग्रजी रूप आयतं मिळतं. याहून चांगला शब्दकोश तुमच्यासाठी कुणी बनवू शकणार नाही, कारण यातला प्रत्येक शब्द वाक्यात बसलेला आहे आणि ते वाक्य काय म्हणतं हे तुम्हाला आधीच माहीत आहे.

पद्धत अशी. धडा निवडा, समजा 'प्रकाशाचे अपवर्तन'. मराठी परिच्छेद एकदा वाचा. मग इंग्रजी परिच्छेद वाचा, मोठ्यानं. मग मराठी पुस्तक मिटा आणि इंग्रजी परिच्छेद पुन्हा वाचून त्यातलं प्रत्येक वाक्य काय सांगतं ते तोंडानं मराठीत बोला. अडलात तरच मराठी पुस्तक उघडा.

सगळे धडे करत बसू नका. अकरावीला जे पुढे चालू राहतं तेवढंच घ्या: गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, कार्बनी संयुगे, आणि भाग २ मधले आनुवंशिकता व जीवनप्रक्रियांचे धडे. गणितासाठी दहावीच्या दोन्ही भागांतले फक्त व्याख्या आणि शाब्दिक उदाहरणांचे परिच्छेद पुरतात.

इथला सापळा: मुलं दोन स्तंभ आखून शब्दांच्या याद्या करतात. 'त्वरण – अ‍ॅक्सिलरेशन', 'संवेग – मोमेंटम', 'जडत्व – इनर्शिया' अशी पानंच्या पानं. यादी लिहिताना खूप अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण पुस्तकातलं वाक्य आलं की पुन्हा ठेच लागते. शब्द वाक्यासकट उचला.

## २. अडलेला शब्द कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला सारखा वेळ देऊ नका. तीन जाती ओळखा.

*संज्ञा.* त्या विषयाचा खास शब्द. पुस्तकात तो ठळक अक्षरात असतो आणि आसपास व्याख्या असते. शब्दकोशाकडे धावू नका, ती व्याख्या वाचा.

*सर्व विषयांत फिरणारा शब्द.* 'अझ्यूम', 'ऑब्टेन', 'करस्पाँडिंग', 'सिग्निफिकंट', 'डिराइव्ह'. हा फिजिक्समध्येही येतो, बायोलॉजीतही आणि इंग्रजीच्या पेपरातही. एकदा शिकला की सगळीकडे कामाला येतो, म्हणून यावर सर्वाधिक मेहनत करा.

*एखाद-दुसऱ्या वेळी येणारा सजावटीचा शब्द.* प्रस्तावनेत, 'तुम्हाला माहीत आहे का' अशा चौकटीत. अर्थ अंदाजानं लागला तर पुढे जा.

दुसऱ्या जातीचं महत्त्व न्यूझीलंडमधल्या भाषा-संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी दाखवून दिलं आहे. २००० साली त्यांनी वेगवेगळ्या विद्याशाखांच्या मजकुरांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात अवघी ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) आहेत, पण शैक्षणिक मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द त्यांतूनच येतात. 'अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट' या नावानं ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते आणि तिचे दहा उपविभाग वारंवारतेनुसार लावलेले आहेत. पहिले तीन उपविभाग अकरावीच्या पहिल्या सत्रात केलेत तर बाकीच्यांची घाई नाही.

पान वाचायला घेण्याजोगं आहे की नाही हे ओळखायचा एक मापही देते. वाचनावर संशोधन करणारे सांगतात की बाहेरच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. तुमच्या पानावर शंभरात दहा अडत असतील तर ते पान सरळ वाचून समजणारच नाही, आणि त्यात तुमची काही कमतरता नाही. अशा धड्याचे शब्द आदल्या दिवशी काढा, वाचन दुसऱ्या दिवशी करा.

## ३. वाक्य फिरवणारे छोटे शब्द

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. न्यूटनचा पहिला नियम घ्या. वस्तू स्थिर असेल तर स्थिरच राहते आणि एकसमान वेगानं सरळ रेषेत जात असेल तर तशीच जात राहते, 'अनलेस' तिच्यावर बाह्य असंतुलित बल लागतं. हा एक शब्द निसटला तर मुलं वाचतात की बल लागतं तेव्हा वस्तू स्थिर राहते. नियम उलटा झाला! मराठीत आपण 'बल लागलं नाही तर' असं नकार उघड दाखवून लिहितो. इंग्रजीत तो नकार 'अनलेस'च्या पोटात लपलेला आहे.

असे शब्द मी चार झोळ्यांत टाकते.

निष्कर्षाचे: हेन्स, देअरफोर, दस. यांच्या आधी कारण असतं आणि नंतर निष्कर्ष. डेरिव्हेशनमध्ये, म्हणजे सूत्र पायऱ्यापायऱ्यांनी काढताना, हे शब्द दिसले की मागची ओळ पुन्हा बघा, कारण पुढची ओळ तिथूनच निघाली आहे. 'सिन्स' आणि 'अ‍ॅज' मात्र उलटे वागतात, त्यांच्यानंतर कारण येतं. 'सिन्स'चा 'पासून' हा अर्थ शाळेत शिकलेला असतो, विज्ञानात तो बहुतेक वेळा 'कारण' किंवा 'ज्याअर्थी' असतो.

अटीचे: इफ, अनलेस, प्रोव्हायडेड, ओन्ली इफ, एक्सेप्ट. नियमाच्या शेवटी 'प्रोव्हायडेड' आलं की पुढे अट आहे. ओहमच्या नियमात तापमान आणि बाकीची भौतिक अवस्था कायम असली पाहिजे, ही ती अट. परीक्षेत नियम लिहिताना अट सुटली की गुण जातो.

तुलनेचे: व्हेअरअ‍ॅज, हाउएव्हर, ऑन द अदर हँड, रिस्पेक्टिव्हली. यातला शेवटचा म्हणजे आपला 'अनुक्रमे'. दोन तारांचे रोध 'अनुक्रमे' ४ ओहम आणि ६ ओहम आहेत, हे मराठीत एका दमात कळतं. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या अगदी शेवटी येतो, तोवर मुलं गोंधळलेली असतात. न्यूमरिकल वाचताना शेवटचा शब्द आधी बघायची सवय लावा.

मोजमापाचे: ही झोळी न्यूमरिकलचे सगळ्यात जास्त गुण खाते. पाण्याचं तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. ते 'रेझ्ड बाय ४०' म्हटलं तर ४० अंशांनी वाढलं, म्हणजे ७० झालं. 'रेझ्ड टू ४०' म्हटलं तर ४० पर्यंत गेलं, वाढ फक्त १० अंशांची. मराठीत '-नी' आणि '-पर्यंत' एवढाच फरक, पण उत्तर चौपट बदलतं. तसंच 'अ‍ॅट रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, 'निग्लिजिबल' म्हणजे ती राशी सोडून द्या, 'युनिफॉर्म' म्हणजे सगळीकडे किंवा सगळा वेळ एकसमान, 'पर युनिट' म्हणजे एका एककामागे, 'विथ रिस्पेक्ट टू' म्हणजे 'च्या सापेक्ष'. हे शब्द प्रश्नात आले की लगेच शेजारी पेन्सिलनं गणिती चिन्ह लिहा. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' दिसलं की u = ० असं तिथल्या तिथे. अर्धं उदाहरण वाचतानाच सुटतं.

सापळा: हे शब्द सोपे वाटतात म्हणून मुलं त्यांची कार्डं करत नाहीत. तुम्ही करा, आणि ती पहिली करा.

## ४. ओळखीचे शब्द, विज्ञानात वेगळे अर्थ

अनोळखी शब्द निदान 'मी अनोळखी आहे' असं सांगतो. ओळखीचा शब्द सांगत नाही, आणि वाचणारा चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो.

'पिरियड' म्हणजे शाळेतला तास. आवर्तसारणीत तो आवर्त आहे, म्हणजे आडवी ओळ. लंबकाच्या धड्यात तो आवर्तकाल. जीवशास्त्रात मासिक पाळी. 'पॉवर' फिजिक्समध्ये शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर, भिंगांच्या धड्यात भिंगाची शक्ती, तिचं एकक डायॉप्टर, गणितात घात. 'सोल्युशन' रसायनशास्त्रात द्रावण, गणितात समीकरणाची उकल. 'बेस' म्हणजे आम्लारी, त्रिकोणाचा पाया आणि लॉगरिथमचाही पाया. 'सेल' म्हणजे पेशी, नाहीतर विद्युत घट. 'नॉर्मल' म्हणजे 'नेहमीचा' नव्हे, ती स्तंभिका, पृष्ठभागाला लंब असलेली रेषा. 'मीन' म्हणजे मध्य. 'सिरीज' विद्युत परिपथात एकसर जोडणी, गणितात श्रेढी. 'डिग्री' कोनाचा किंवा तापमानाचा अंश, पण बहुपदीची कोटी. 'कल्चर' बायोलॉजीत जिवाणूंचं संवर्धन.

गूगल ट्रान्सलेटवर एकटा शब्द टाकला तर नेमकी इथेच फसगत होते, कारण त्याला कोणता विषय चालू आहे हे कळत नाही. म्हणून अशा शब्दांसाठी पारिभाषिक कोश वापरा आणि तोही त्या त्या विषयाचाच उघडा. वहीत या शब्दांसाठी शेवटची दहा पानं राखून ठेवा. एका शब्दाला एक छोटा तक्ता: विषय, अर्थ, एक वाक्य. वर्षभर त्यात भर पडत राहते.

## ५. मोठे शब्द फोडा

संज्ञांची भीती घालवायचा हा सरळ मार्ग आहे, आणि यात मराठी माध्यमाच्या मुलांना खरा फायदा आहे. आपल्या संज्ञा संस्कृत घटकांनी बनलेल्या आहेत आणि त्या फोडून समजून घ्यायची सवय तुम्हाला लहानपणापासून आहे. प्रकाश आणि संश्लेषण मिळून प्रकाशसंश्लेषण, तसंच फोटो आणि सिंथेसिस मिळून फोटोसिंथेसिस. इंग्रजी विज्ञानाच्या संज्ञा ग्रीक-लॅटिन तुकड्यांनी बनतात. तुकडे पन्नासेक शिकलात तर शेकडो शब्द उलगडतात.

'लिसिस' म्हणजे फोडणं, सुटं करणं. मग हायड्रोलिसिस पाण्यानं फोडणं, इलेक्ट्रोलिसिस विजेनं, फोटोलिसिस प्रकाशानं, ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज फोडणं. मराठीतलं 'अपघटन' अगदी असंच वागतं. 'एक्झो' बाहेर आणि 'एंडो' आत: एक्झोथर्मिक म्हणजे उष्मादायी, एंडोथर्मिक म्हणजे उष्माग्राही. 'ऑटो' स्वतः, 'ट्रॉफ' पोषण: ऑटोट्रॉफ म्हणजे स्वयंपोषी. 'आयसो' समान, 'टोप' जागा: आयसोटोप म्हणजे समस्थानिक, घटकाला घटक जुळतो. 'एरिथ्रो' लाल, 'ल्युको' पांढरा, 'साइट' पेशी. 'फिलिक' म्हणजे आवड असलेला, 'फोबिक' म्हणजे नकोसं असलेला. साबणाच्या रेणूचं एक टोक हायड्रोफिलिक, दुसरं हायड्रोफोबिक. 'इंटर' दोघांच्या मध्ये आणि 'इंट्रा' एकाच्याच आत; या दोघांत एका अक्षराइतका फरक दिसतो आणि रसायनशास्त्रात अर्थ पूर्ण बदलतो.

मात्र घटकांवरून केलेला अंदाज व्याख्येशी ताडून बघा. ऑक्सिजन या नावाचा मूळ अर्थ 'आम्ल निर्माण करणारा' असा आहे, कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेचं मत होतं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो. नाव मात्र तेच राहिलं.

## ६. धडा वाचायचा क्रम

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जाणं हा पाठ्यपुस्तक वाचायचा सगळ्यात थकवणारा मार्ग आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी पाच टप्प्यांची पद्धत मांडली: चाळा, प्रश्न करा, वाचा, आठवून सांगा, उजळणी करा. आपल्या पुस्तकांसाठी मी ती थोडी बदलून सांगते.

चाळा (दहा मिनिटं). धड्याची शीर्षकं, उपशीर्षकं, आकृत्यांखालच्या ओळी, ठळक शब्द आणि स्वाध्यायातले प्रश्न. हो, स्वाध्याय आधी. काय शोधायचं ते माहीत असलं की वाचन नेमकं होतं.

प्रश्न करा. प्रत्येक उपशीर्षकाचा मराठीत प्रश्न करा. शीर्षक 'टाइप्स ऑफ फोर्सेस' असेल तर 'बलं किती प्रकारची, कशावरून वेगळी केली?' प्रश्न पेन्सिलनं समासात लिहा. मराठीत विचार करायला मुळीच संकोच करू नका. विचार ज्या भाषेत वेगानं धावतो त्या भाषेत करावा.

वाचा, एका वेळी एकच उपशीर्षक. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. अडलेल्या शब्दाखाली फक्त टिंब द्या आणि पुढे जा. निम्मे शब्द पुढच्या दोन वाक्यांत आपोआप कळतात. दुसऱ्या वाचनात टिंबांचा हिशेब लावा. खुणा मोजक्या ठेवा: व्याख्येला उभी रेघ, कारणाकडून परिणामाकडे बाण, न समजलेल्याला प्रश्नचिन्ह. रंगीत हायलायटर सुरुवातीचे दोन महिने तरी दूर ठेवा. इंग्रजी नवी असताना सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि सगळं पान पिवळं होतं.

लांब वाक्य आलं तर ते मोडा. समजा, वाक्य आहे: 'द एक्सिलरेशन ऑफ अ बॉडी इज डायरेक्टली प्रपोर्शनल टू द नेट फोर्स अँड इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू इट्स मास.' आधी क्रियापद शोधा: 'इज'. त्याच्या डावीकडे ज्याच्याबद्दल बोलणं चालू आहे ते: वस्तूचं त्वरण. उजवीकडे 'अँड'नं जोडलेल्या दोन गोष्टी: एकूण बलाच्या समानुपाती, वस्तुमानाच्या व्यस्तानुपाती. 'इट्स' कुणाचं? वस्तूचं. शेवटी चिन्हांत लिहा: a = F/m. 'ऑफ'ची साखळी आली तर मागून पुढे या: 'रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी' म्हणजे वेगातल्या बदलाचा दर. मराठीचा क्रम बरोबर उलटा चालतो. हे एकदा लक्षात आलं की अर्धी गुंतागुंत सुटते.

पुस्तक मिटून सांगा. हा टप्पा सगळे गाळतात, आणि खरं शिकणं इथेच होतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून 'वाचल्यावर सगळं येतं' या त्याच दिवशीच्या भावनेवर विसंबू नका. पहिले काही आठवडे मराठीत सांगा, संज्ञा इंग्रजीत ठेवा: 'बॉडीवर नेट फोर्स शून्य असेल तर व्हेलॉसिटी बदलत नाही.' नंतर हळूहळू पूर्ण वाक्य इंग्रजीत. तिथे व्याकरण चुकलं तरी चालेल, अट सुटली तर चालणार नाही.

## ७. कार्डं कशी करायची, कधी फिरवायची

कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य. मागे मराठी अर्थ, आणि जमेल तिथे आकृती किंवा सूत्र. एका कार्डावर एकच अर्थ; 'पॉवर'ची तीन कार्डं होतील, होऊ द्या. उच्चार देवनागरीत लिहून ठेवा, पण आधी कोशात ऐकून. 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि प्रॅक्टिकलच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तोंड उघडायचा धीर अशाच धास्तीनं जातो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगानं होतं आणि मग तो वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे उजळणीतलं अंतर वाढवत नेणं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज फिरवा. उत्तर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. मग आठवड्यानं, पंधरवड्यानं, महिन्यानं. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. फोनवर हेच काम 'अँकी' नावाचं अ‍ॅप करतं, अँड्रॉइडवर ते मोफत आहे. मला कागद बरा वाटतो, कारण हातानं वाक्य लिहितानाच निम्मं काम होतं आणि फोन हातात आला की बाकीचं बरंच काही हातात येतं.

रोज पाच ते सात नवी कार्डं पुरेत. उत्साहात एका दिवशी चाळीस केलीत तर पुढच्या आठवड्यात उजळणीचा ढीग अंगावर येतो आणि खोकं माळ्यावर जातं.

## ८. प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं

उत्तर येत असून गुण का गेले, याचं कारण बरेचदा प्रश्नाच्या पहिल्या शब्दात सापडतं. 'स्टेट' म्हणजे नियम फक्त लिहा, स्पष्टीकरण मागितलेलं नाही. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या, एकक विचारलं असेल तर तेही. 'एक्सप्लेन' म्हणजे कारणासकट. 'डिराइव्ह' किंवा 'ऑब्टेन अ‍ॅन एक्स्प्रेशन फॉर' म्हणजे सूत्र पायऱ्यापायऱ्यांनी काढा; नुसतं शेवटचं सूत्र लिहून भागत नाही. 'डिस्टिंग्विश बिटवीन' म्हणजे फरक, आणि तो समोरासमोर मुद्द्यांत. 'जस्टिफाय' म्हणजे विधान बरोबर का ते पटवून द्या. गणितात 'इव्हॅल्युएट' म्हणजे किंमत काढा. 'हेन्स फाइंड' आलं तर आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरूनच पुढचं काढायचं असतं. नव्यानं सुरुवात करणारे वेळ घालवतात. 'नीट लेबल्ड डायग्रॅम' म्हणजे नावं दिलेली सुबक आकृती.

बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि एक तासभर उत्तरं न लिहिता फक्त क्रियापदांना गोल करा. मग प्रत्येकाशेजारी मराठीत लिहा की नक्की काय मागितलंय.

## ९. वर्गात आणि प्रयोगशाळेत

शिक्षकांना 'सर, समजलं नाही' म्हणण्यापेक्षा 'सर, या वाक्यातला प्रोव्हायडेड कशासाठी?' असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, आणि प्रश्न मराठीत विचारला म्हणून कुणी रागावत नाही. उद्या शिकवायचा धडा आज दहा मिनिटं चाळून गेलात तर लेक्चरमध्ये शब्द कानावर पडतात तेव्हा ते डोळ्यांनी आधीच पाहिलेले असतात. जर्नल लिहिताना दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवू नका. 'एम', 'अ‍ॅपरॅटस', 'प्रोसीजर', 'ऑब्झर्व्हेशन', 'रिझल्ट' हा सांगाडा ठरलेला असतो आणि त्यातली वाक्यंही ठरावीक असतात, त्यामुळे इंग्रजी लिहायला सुरुवात करण्यासाठी याहून सोपी जागा नाही.

दोघातिघांचा गट असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येकानं एक उपशीर्षक दुसऱ्यांना समजावून सांगावं. गट मोठा झाला की गप्पा होतात.

## १०. प्रवेश परीक्षेची भाषा निवडताना

हा निर्णय बारावीत येतो, पण तयारी आतापासून होते. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा १३ भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे. नीटची मराठी प्रश्नपुस्तिका निवडली तरी तिच्यात इंग्रजी मजकूर सोबत असतो, आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो. म्हणजे इंग्रजी वाचता येणं दोन्ही पर्यायांत लागतंच.

मराठी घ्यावं की इंग्रजी, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. दहावीपर्यंतच्या संज्ञा तुम्हाला मराठीत पक्क्या आहेत, पण अकरावी-बारावीच्या नव्या संज्ञा तुम्ही इंग्रजीतच पहिल्यांदा शिकणार. 'आघूर्ण' परीक्षेत प्रथमच भेटला तर 'मोमेंट' माहीत असूनही अडायला होईल. म्हणून अकरावीच्या शेवटी एक जुनी प्रश्नपत्रिका घ्या. निम्मे प्रश्न मराठीतून, निम्मे इंग्रजीतून घड्याळ लावून सोडवा, आणि कोणत्या भाषेत प्रश्न वाचायला जास्त वेळ गेला ते प्रत्येक विषयासाठी वेगळं लिहून ठेवा. बारावीच्या सुरुवातीला तेच पुन्हा करा. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा ते दोन कागद समोर ठेवा आणि भाषा ठरवा.